रस्ते बंद करणारं बेट

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन हे बेट आहे. लांबी जेमतेम ५२ किलोमीटर, वस्ती ८०-८५ हजारांची. मे महिना सरत आला की तिथलं सरकार दरवर्षी एक आदेश काढतं. डग्लस या राजधानीतून निघून पुन्हा डग्लसलाच येणारा ६०.७ किलोमीटरचा सार्वजनिक रस्ता त्या आदेशाने ठरावीक तासांपुरता बंद होतो. एरवी त्यावरून दुधाच्या गाड्या, शाळेच्या बस आणि ट्रॅक्टर जात असतात. कडेला घरं आहेत, दगडी कुंपणं आहेत, दिव्यांचे खांब, पबची दारं, फुटपाथच्या कडा आहेत. रस्ता बंद झाल्यावर तो ओलांडणंसुद्धा गुन्हा ठरतो. वर्तुळाच्या आत राहणारी बरीचशी माणसं तितका वेळ आतच अडकतात, आणि त्यांच्या फाटकासमोरून मोटरसायकली ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने निघून जातात.

या शर्यतीला ‘टूरिस्ट ट्रॉफी’ म्हणतात. मोटरसायकलवाले नुसतं ‘टीटी’ म्हणतात. ट्रॅकवरच्या शर्यतींसारखे सगळे स्वार इथे एकदम सुटत नाहीत. दर दहा सेकंदांनी एक जण निघतो आणि लढत घड्याळाशी असते. त्यामुळे रस्त्यावर जो पुढे दिसतो तोच शर्यतीत पुढे असेल असं नाही. आपण कितवे आहोत हे स्वाराला कळतं ते रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या आपल्या माणसाच्या हातातल्या फळीवरून. सहा फेऱ्यांची मोठी शर्यत पावणेदोन तासांच्या आसपास चालते, दोनशेहून अधिक वळणं असलेला रस्ता सहा वेळा पार करावा लागतो, आणि तो सगळा पाठ असावा लागतो.

असलं काही आज नव्याने सुरू करतो म्हटलं तर कुठलंही सरकार परवानगी देणार नाही. टीटी टिकून आहे ती १९०४ सालच्या एका कायद्याच्या पायावर, आणि तो कायदा झाला शेजारच्या देशातल्या वेगमर्यादेमुळे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारींच्या शर्यतींत फ्रेंच पुढे होते. ब्रिटनमध्ये १९०३च्या मोटार कायद्याने ताशी २० मैलांची, म्हणजे ३२ किलोमीटरची मर्यादा घातली होती. शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ता बंद ठेवायला लंडनची पार्लमेंट तयार नव्हती. पण गॉर्डन बेनेट चषकाच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीला संघ पाठवायचा तर आधी निवड-चाचणी हवी, आणि चाचणीला मोकळा रस्ता हवा. ब्रिटिश ऑटोमोबाइल क्लबचे चिटणीस ज्युलियन ऑर्ड यांची नजर आइल ऑफ मॅनकडे वळली. हे बेट ब्रिटिश राजमुकुटाच्या अखत्यारीत असलं तरी युनायटेड किंगडमचा भाग नाही. व्हायकिंग काळापासून परंपरा सांगणारं टिनवाल्ड नावाचं त्याचं स्वतःचं विधिमंडळ आहे. शिवाय बेटाचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रॅगलन हे ऑर्ड यांच्या नात्यातले होते आणि मोटारींचे शौकीनही. ऑर्ड फेब्रुवारी १९०४ मध्ये बेटावर गेले, मार्चमध्ये कायदा झाला आणि मे महिन्यात चाचणी पार पडली. सरकारी फायलींचा वेग ज्यांनी अनुभवला आहे त्यांना हे खोटंच वाटेल.

बेटाने एवढी घाई केली ती केवळ नात्यागोत्यापोटी नव्हे. शेती, मासेमारी आणि उतरणीला लागलेल्या शिशाच्या खाणी सोडल्या तर बेटाचं पोट पर्यटकांवर होतं. लँकेशायरच्या सूतगिरण्यांतले कामगार उन्हाळ्याच्या सुटीत आगबोटींनी इथे लोटत. पहिल्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी ही संख्या सहा लाखांवर गेली होती. पण हा सगळा पाहुणचार जुलै-ऑगस्टचा. मे-जूनमध्ये खानावळी आणि भाड्याच्या खोल्या रिकाम्या. त्या दिवसांत आगबोटी भरून येणार असतील तर चार दिवस रस्ता अडला म्हणून कुरकुर करणारे थोडेच निघणार! हा हिशेब १९०४ मध्ये जमला तो आजतागायत मोडलेला नाही.

मोटरसायकली आल्या त्या मोटारींच्या मागोमाग, १९०५ मध्ये. पण रॅम्से गावातून डोंगराकडे जाणारा चढ त्यांना झेपेना, म्हणून त्यांच्यासाठी दक्षिणेकडचा सपाट रस्ता निवडावा लागला. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय चषकाची शर्यत ऑस्ट्रियात झाली आणि ती भांडणांनीच गाजली. गाडीचं वजन ५० किलोंच्या आत हवं असा तिथला नियम होता. त्यापायी कारखानदार भलंमोठं इंजिन काडीसारख्या सांगाड्यावर बसवत. यजमानांनी लबाडी केल्याचे आरोपही झाले. परतीच्या आगगाडीत वैतागलेल्या ब्रिटिश मंडळींची चर्चा रंगली आणि त्यातून वेगळ्या शर्यतीची कल्पना निघाली: माणूस रोज वापरतो तसल्या, प्रवासाला नेता येतील अशाच मोटरसायकली धावाव्यात. नीट सीट हवी, मडगार्ड हवं, सायलेन्सर हवा आणि पेट्रोल मोजून मिळावं. चषक द्यायला मार्क्वी द मुझिली सँ मार हे सरदार पुढे आले. पंखांच्या चाकावर उभा असलेला देवांचा दूत मर्क्युरी, असा तो चांदीचा चषक आजही मुख्य शर्यतीच्या विजेत्याला दिला जातो.

२८ मे १९०७ रोजी सेंट जॉन्स या गावात पहिली टीटी सुटली. बेटाचे कायदे दरवर्षी ज्या टेकाडावरून उघड्यावर वाचून दाखवतात ते टिनवाल्ड टेकाड याच गावातलं. स्वार होते पंचवीस, फेऱ्या दहा, अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर, रस्ता मातीचा आणि धुळीचा. गाड्यांना सायकलसारखी पायटी होती. चढावर इंजिन हरलं की स्वाराने पाय मारायचे. मध्येच दहा मिनिटांची सक्तीची विश्रांती. एक-सिलिंडर गटात चार्ली कॉलियर आपल्या घरच्या मॅचलेस गाडीवर चार तास आठ मिनिटांत पहिला आला. सरासरी वेग ताशी ६१ किलोमीटर. दोन-सिलिंडर गट रेम फाउलरने जिंकला. त्याच्या नॉर्टनला इंजिन होतं फ्रेंच प्यूजोचं. टायर फुटले, तो पडलाही, तरी उठून पुढे गेला. पुढच्या वर्षी पायट्या बंद झाल्या. चार वर्षांत गाड्या इतक्या सुधारल्या की १९११ मध्ये आयोजकांनी शर्यत थेट डोंगरावर नेली.

टीटीचा खरा इतिहास सुरू होतो तो इथून. स्नेफेल डोंगराच्या अंगावरून जाणारा तेव्हाचा रस्ता म्हणजे गाडीवाट. मेंढ्या भटकू नयेत म्हणून तिच्यावर फाटकं घातलेली. समुद्रसपाटीलगतच्या रॅम्सेतून निघून ४२२ मीटरपर्यंत चढायचं आणि डग्लसकडे उतरायचं. एकच गिअर आणि कातडी पट्टा, एवढ्यावर भागवणाऱ्या इंग्रजी गाड्यांचा इथे दम निघाला. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डहून आलेल्या गाड्यांना मात्र चेन होती आणि दोन गिअर होते. त्यांनी पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. त्या गाडीचं नाव इंडियन. आपल्या देशाशी तिचा नावापुरताही संबंध नाही. इंग्लंडच्या कारखानदारांनी या पराभवातून घ्यायचा तो बोध घेतला आणि पट्ट्याचे दिवस भरले. त्याच वर्षी सरावात व्हिक्टर सरिज हा स्वार ग्लेन हेलनजवळ मरण पावला. टीटीचा तो पहिला बळी. शर्यतीचं यश आणि तिची किंमत एकाच वर्षी दिसली होती. पुढच्या शंभर वर्षांत दोन्ही वाढत गेली.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात टीटी म्हणजे मोटरसायकलींची सत्त्वपरीक्षा बनली. इथे जिंकलेल्या गाडीची जाहिरात वेगळी करावी लागत नसे. बर्मिंगहॅमच्या नॉर्टनने त्या काळात मोठ्या शर्यतीवर जवळजवळ मालकी सांगितली. म्हणूनच १९३५चा किस्सा अजून चवीने सांगितला जातो. शेवटची फेरी सुरू होताना नॉर्टनवरचा स्कॉटिश स्वार जिमी गथ्री २६ सेकंदांनी पुढे होता. आयरिश स्टॅन्ली वूड्स इटालियन मोटो गुझीवर होता आणि वेळापत्रकाने गथ्रीच्या बराच मागून सुटलेला. गुझीच्या पिटमध्ये पेट्रोल भरायची सगळी तयारी मांडून ठेवली होती. नॉर्टनच्या माणसांनी ती पाहिली, वूड्स थांबणार असं धरलं आणि गथ्रीला सबुरीने घे असा निरोप पोचवला. वूड्स थांबलाच नाही. पिटसमोरून तो तसाच सुसाट गेला. गथ्री शर्यत संपवून आला, अभिनंदनं घेऊ लागला, आणि काही मिनिटांनी जाहीर झालं की वूड्स चार सेकंदांनी जिंकला आहे. चार वर्षांनी, युद्धाच्या उंबरठ्यावर, बीएमडब्ल्यूवरचा जर्मन जॉर्ज मायर पहिला आला. त्याच्या संघातला कार्ल गाल बॅलॉच्या पुलावर सरावातच गेला होता. नॉर्टनने त्या वर्षी कारखान्याचा संघ उतरवलाच नव्हता. कारखाना लष्करासाठी गाड्या बांधण्यात गुंतला होता.

युद्धानंतर, १९४९ मध्ये, मोटरसायकलींची जागतिक अजिंक्यपद मालिका सुरू झाली आणि तिची पहिलीच फेरी टीटीची होती. १९५७च्या सुवर्णमहोत्सवी शर्यतीत बॉब मॅकिंटायरने गिलेरा गाडीवर ताशी १०० मैलांची, म्हणजे १६१ किलोमीटरची सरासरी पहिल्यांदा ओलांडली.

दरम्यान जपानमधल्या एका कारखानदाराने १९५४ मध्ये कामगारांपुढे जाहीरनामा काढला होता: आपण टीटीत उतरायचं आणि जिंकायचं. सोइचिरो होंडा यांची कंपनी तेव्हा कर्जाने आणि मंदीने घायकुतीला आली होती. जाहीरनामा काढून हे गृहस्थ टीटी पाहायला बेटावर गेले आणि हादरले. जर्मन एनएसयूची तेवढ्याच आकाराची इंजिनं त्यांच्या इंजिनाच्या तिप्पट ताकद काढत होती. घरी परतून तयारीला पाच वर्षं लागली. १९५९च्या उन्हाळ्यात कियोशी कावाशिमा यांच्या नेतृत्वाखाली होंडाचा लहानसा संघ ऑनकन इथल्या एका हॉटेलात उतरला. त्यांनी डोंगररस्त्याचा अभ्यास केला होता, पण १२५ सीसीची शर्यत भरत होती क्लिप्स नावाच्या वेगळ्या, छोट्या मार्गावर. तरीही नाओमी तानिगुची सहावा आला, त्याचे दोन सहकारी सातवे-आठवे, आणि कारखान्यांच्या संघाचं बक्षीस होंडाला मिळालं. इंग्रज प्रेक्षकांना या गाड्यांचं कौतुक वाटलं. त्यांच्यापासून काही धोका आहे असं फार थोड्यांना वाटलं असेल. दोनच वर्षांनी माइक हेलवुडने होंडावर १२५ आणि २५० सीसी अशा दोन्ही शर्यती जिंकल्या.

त्यानंतरच्या दीड-दोन दशकांत ब्रिटिश मोटरसायकल उद्योग कोसळला. सगळं खापर टीटीवर फोडता येणार नाही. जुनी यंत्रं, नफ्यातून गुंतवणूक न करणारे मालक, लहान गाड्यांकडे केलेलं दुर्लक्ष, अशी कारणांची रांगच आहे. पण जपानी गाडी स्वस्त असली तरी कच्ची नाही, हे जगाला पटलं ते या बेटावर. पुढची गंमत अशी की १९०७ची विजेती नॉर्टन २०२० मध्ये चेन्नईच्या टीव्हीएसने विकत घेतली, बीएसए या दुसऱ्या जुन्या ब्रिटिश गाडीचं नाव मुंबईच्या महिंद्र समूहाकडे आलं, आणि १९०८ मध्ये एक-सिलिंडर गट जिंकलेल्या ट्रायम्फचं नाव लावलेल्या ४०० सीसी गाड्या आज बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडतात.

टीटीची सर्वोत्तम शर्यत कोणती, यावर जुन्या रसिकांचं बहुतेक एकमत आहे: १९६७ची सीनियर, म्हणजे टीटीतली मुख्य शर्यत. एका बाजूला होंडावर हेलवुड, दुसऱ्या बाजूला एमव्ही ऑगुस्टावर इटलीचा जाकोमो ऑगोस्टिनी. दोघं दोस्त, एके काळचे एकाच संघातले. होंडाचं ५०० सीसी इंजिन अफाट होतं, पण सांगाडा त्याच्यापुढे तोकडा. सरळ रस्त्यावरही गाडी अंग टाकायची. पहिल्या फेरीत ऑगोस्टिनी जवळजवळ बारा सेकंद पुढे. दुसऱ्या फेरीत हेलवुडने ताशी १७५ किलोमीटरचा विक्रम करून अंतर घटवलं. तिसरी संपताना फरक उरला दोन सेकंदांचा. हेलवुड पिटमध्ये आला तो हातोडा मागतच. थ्रॉटलची मूठ सैल होऊन दांड्यावरून सरकत होती. त्याने ती ठोकून बसवली, त्यात मौल्यवान सेकंद गेले, आणि उरलेल्या फेऱ्या तो एका हाताने गाडी आणि दुसऱ्याने मूठ सांभाळत धावला. पाचव्या फेरीत डोंगरावर ऑगोस्टिनीची चेन तुटली. इंजिनाविना उतारावरून घरंगळत तो पिटपर्यंत पोचला. हेलवुड जिंकला. त्याचा फेरीचा विक्रम १९७५ पर्यंत कुणाला मोडता आला नाही.

पण त्याच दशकात शर्यतींचं जग बदलत होतं. स्वार पूर्ण वेळ व्यावसायिक झाले होते, बंदिस्त ट्रॅक वाढत होते, आणि तिथे घसरलेला माणूस गवतात जाऊन थांबत असे. टीटीत तो भिंतीवर आदळे. १९७० मध्ये एका वर्षात सहा जण गेले. जागतिक मालिकेत गुण हवे असतील तर इथे यावंच लागे. नको वाटणाऱ्यालाही यावं लागे. खरा अन्याय इथे होता असं मला वाटतं. धोका पत्करणं ही स्वाराची खुशी असू शकते, पण १९७२ पर्यंत टीटीत ती खुशी उरली नव्हती.

जून १९७२ मध्ये १२५ सीसीची शर्यत पावसात आणि धुक्यात सुटली. इटलीच्या त्रिएस्तेचा जिल्बेर्तो पार्लोत्ती त्या वर्षी जागतिक गुणतक्त्यात पहिला होता, म्हणून तो या बेटावर आला होता. शर्यतीतही तो पुढे होता. दुसऱ्या फेरीत डोंगरावरच्या व्हरांडा नावाच्या वळणांवर त्याची गाडी घसरली आणि तो गेला. ऑगोस्टिनी त्याचा जवळचा मित्र. त्याच दिवशी त्याने सीनियर शर्यत जिंकली आणि पुन्हा इथे येणार नाही असं सांगितलं. दहा टीटी जिंकलेल्या माणसाने पाठ फिरवल्यावर इतरांनाही बोलायला बळ आलं. फिल रीड, बॅरी शीन असे मोठमोठे स्वार दूर राहू लागले. १९७६ नंतर टीटीचा जागतिक दर्जा गेला. ब्रिटनची फेरी सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर हलली.

टीटी आता संपली असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. बेटाच्या सरकारने बक्षिसाच्या रकमा वाढवल्या, नवी गटवारी केली, पण लोकांना परत आणलं ते हेलवुडने. ११ वर्षांनी, ३८व्या वर्षी, मोटारीच्या अपघाताने पाय दुखावलेला असताना, तो १९७८ मध्ये एका खाजगी संघाच्या लाल-हिरव्या डुकाटीवर उतरला आणि टीटीतली फॉर्म्युला वन नावाची शर्यत जिंकला. रीडही आता परतला होता, आणि रस्त्यावर हेलवुडने आपल्या आधी सुटलेल्या रीडला गाठलं तेव्हा कडेची गर्दी टोप्या उडवत होती. सक्ती गेली होती. आता जो येई तो आपल्या मर्जीने येई, आणि माझ्या मते टीटी वाचली ती त्यामुळेच. दर्जा जाणं हे तिच्यावरचं संकट नव्हतं, सुटका होती.

या नव्या टीटीला तिचा माणूसही मिळाला. उत्तर आयर्लंडच्या बॅलिमनी गावचा जोई डनलॉप. लाजाळू, कमी बोलणारा, गावात पब चालवणारा, आपली गाडी रात्र रात्र स्वतः खोलून बसणारा. १९८५ मध्ये तो आणि त्याचे मित्र मासेमारीच्या बोटीतून बेटाकडे निघाले आणि बोट किनाऱ्याजवळच बुडाली. माणसं वाचली, गाड्या पाणबुड्यांनी वर काढल्या, आणि जोईने त्या वर्षी तीन शर्यती जिंकल्या. शर्यतींचा हंगाम नसताना हा माणूस व्हॅनमध्ये कपडे आणि खाण्याचं सामान भरून एकटाच रुमानियातल्या अनाथालयांकडे जात असे. २००० साली, ४८व्या वर्षी, त्याने पुन्हा तीन शर्यती जिंकून एकूण विजय २६ वर नेले. महिनाभरातच एस्टोनियातल्या टॅलिन इथे, ओल्या रस्त्यावर, झाडावर आदळून तो गेला. अंत्ययात्रेला पन्नास हजार माणसं होती.

डोंगररस्त्यावर आजवर सरावासकट अडीचशेहून अधिक स्वारांचा मृत्यू झाला आहे. २०२२ मध्ये, कोविडच्या दोन वर्षांच्या खंडानंतर शर्यत भरली आणि सहा जण गेले. त्यात साइडकार चालवणारे एक बाप-लेक होते. आयोजकांनी नंतर सुरक्षेचे नियम कडक केले, स्वारांचा ठावठिकाणा सांगणारी यंत्रणा आली, वेळापत्रक सैल केलं. भिंती मात्र आहेत तिथेच आहेत, कारण त्या लोकांच्या घरांच्या आहेत. पुढच्याच वर्षी पीटर हिकमनने एक फेरी १६ मिनिटं ३६ सेकंदांत मारली. सरासरी ताशी २१९ किलोमीटर. कॉलियरच्या ६१ पासून इथवर.

हे थांबवावं का, हा प्रश्न दर अपघातानंतर बाहेरून विचारला जातो. बेटावर तो क्वचितच उठतो. मे-जूनच्या त्या दोन आठवड्यांत हॉटेलं भरतात, लोक घरातल्या खोल्या पाहुण्यांना देतात, आणि प्रत्येक वळणावर उभे असणारे शेकडो मार्शल बिनपगारी स्वयंसेवक असतात. स्वारांच्या घरी हा प्रश्न नक्कीच निघत असेल. डनलॉप घराण्यात जोईनंतर त्याचा भाऊ रॉबर्ट २००८ मध्ये उत्तर आयर्लंडच्या नॉर्थ वेस्ट २०० शर्यतीच्या सरावात गेला. दोनच दिवसांनी त्याचा धाकटा मुलगा मायकल त्याच शर्यतीत उतरला आणि जिंकला. २०१८ मध्ये थोरला विल्यम डब्लिनजवळच्या एका शर्यतीच्या सरावात गेला. मायकल थांबला नाही. जून २०२४ मध्ये त्याने काकाचा २६ विजयांचा विक्रम मागे टाकला आणि त्याच आठवड्यात आकडा २९ वर नेला.